गाडी उंच करताना आधी ब्रेकची नळी मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की उंच केलेल्या जीपगाड्यांवरच्या कारवाईची बातमी आपल्या अंकात येते. सोबत फोटो असतो. थार किंवा जिप्सी, तिला माणसाच्या कमरेला लागतील एवढे टायर, आणि शेजारी दंडाची पावती फाडणारा अधिकारी. बातमी खरीच असते. पण तिच्यात दंड किती झाला ते असतं, गाडीच्या पोटाखाली काय केलेलं होतं ते नसतं. मी पाटणला गेली सत्तावीस वर्षं पाट्यांचं, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं, आणि शॉकअपचं काम करतो. अशा गाड्या मी उंच केल्या आहेत, दुसऱ्यांनी उंच केलेल्या परत खाली आणल्या आहेत, आणि एकदा माझ्याच हातच्या कामामुळे एक पोरगा कुंभार्ली घाटात मरता मरता वाचला. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आधी थोडं जुनं सांगतो. माझे वस्ताद वडापच्या जीपांचे पाटे भरायचे. एसटी जिथं थांबायची तिथून पुढं सगळा तालुका वडापवर चालायचा. आत माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, टपावर पोती आणि कोंबड्यांची खुराडी. मालक यायचा आणि म्हणायचा, "वस्ताद, गाडी मागनं बसतीया, एक जाड पाटा टाका." वस्ताद जाड पाटा कधीच टाकायचे नाहीत. असलेल्या पाट्यांना भट्टीत घालून नव्यानं कमान द्यायचे, फार तर खाली एक पातळ पाटा वाढवायचे. पाट्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट कडक होतो. हे गणित मी पुढं एका इंजिनियरकडून ऐकलं, वस्तादांना ते हातानं कळलेलं होतं. कडक पाट्याची गाडी रिकामी धावताना खड्ड्यात चाक उचलते, आणि चाक हवेत असेल तर ब्रेक दाबून उपयोग काय? पाटा हा चाक जमिनीला दाबून धरायला असतो, असं ते म्हणायचे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा वर जाणाऱ्या जीपांचे पाटे आमच्याकडंच यायचे. त्या दगडातून रोज ये-जा करूनसुद्धा कुणी गाडी वीतभर उंच करून मागितली नव्हती.

आता माझी चूक सांगतो. २००९ च्या पावसाळ्यात कराडचा एक मुलगा लष्कराच्या लिलावातली जिप्सी घेऊन आला. गाडी चांगली होती, चेसिसला गंज नव्हता. त्याला ३१ इंची टायर घालायचे होते आणि ते मडगार्डला घासू नयेत म्हणून गाडी वर हवी होती. जिप्सीचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, पाट्यांच्या वर बसलेला असतो. तो पाट्यांच्या खाली घेतला, म्हणजे पाटा आसाच्या वर आणला, की गाडी एका दमात जवळपास पाच इंच वर जाते. सामान फार लागत नाही. आसावर पाट्याच्या नव्या बैठका वेल्ड करायच्या, यू-बोल्ट नवे घ्यायचे, शॉकअप लांब घ्यायचे. मी तीन दिवसांत काम केलं. वेल्डिंग मनासारखं झालं होतं. जॉइंट शाफ्टचा कोन बघितला, क्रॉस बदलले, पुढचा स्टेअरिंगचा दांडा तिरपा झाला होता तो जमेल तेवढा सरळ करून घेतला. मागच्या आसाकडं जाणारी ब्रेकची रबरी नळी मात्र होती तशीच राहिली. गाडी जमिनीवर उभी असताना ती पुरत होती, म्हणून माझं लक्ष गेलं नाही.

जमिनीवर उभ्या गाडीला नळी पुरते याला काही अर्थ नसतो. एक चाक बांधावर चढलं आणि दुसरं खड्ड्यात लोंबलं की आस खाली जातो आणि नळी तारेसारखी ताणते. त्या पोरानं दहा दिवस कोयनेच्या काठानं चिखलातून गाडी फिरवली. नळी रोज ताणली जात होती. अकराव्या दिवशी चिपळूणला जाताना, कुंभार्ली उतरताना, पोफळीच्या अलीकडं पॅडल खाली गेलं. पुढचे ब्रेक थोडेफार लागत होते. त्यानं गिअर दुसऱ्यावरून पहिल्यात घातला, हँडब्रेक ओढला आणि गाडी दरीकडं न नेता डोंगराच्या अंगाच्या गटारीत घातली. हे त्याला सुचलं, त्यात माझं काही नाही.

मी आणि माझा कामगार ट्रॅक्स घेऊन गाडी आणायला गेलो. पाऊस चालूच होता. मी खाली शिरलो. नळी बाहेरून शाबूत दिसत होती. बोटानं वाकवली तेव्हा धातूच्या टोपणालगत रबराला चंद्रकोरीएवढी चीर उघडली, आतला विणलेला दोरा दिसला, आणि ब्रेक ऑइलचा ओघळ मनगटावरून माझ्या कोपरापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील गॅरेजवर आले. ते शिक्षक होते. आवाज न चढवता त्यांनी एवढंच विचारलं, "मिस्त्री, ही नळी तुम्ही बघितली होती का?" मी नाही म्हणालो. त्या जिप्सीचा आस मी स्वतःच्या पैशानं मूळ जागी बसवून दिला. तेव्हापासून पाटा वर घेण्याचं काम मी एकदाही केलेलं नाही.

तो पोरगा काही उनाड नव्हता. आज येणारेही नसतात. पुणे, कोल्हापूर, इचलकरंजीहून पोरं येतात. कुणी आयटीत असतं, कुणाचा ऊसाचा धंदा. गाडीवर त्यांचं मनापासून प्रेम असतं. थार, जिम्नी, गुरखा यांच्या पोटाखाली तासभर उकिडवं बसून प्रत्येक बुशचं नाव विचारणारी पोरं मी बघितली आहेत. त्यांना कुणी नीट सांगत नाही, हे माझं दुःख आहे. मोबाईलवर दिसतो तो चिखल उडवणारा टायर. टायर मोठा केल्यावर गाडीत आणखी काय काय बदलतं, ते कुणी दाखवत नाही.

ते मी इथं सांगतो. उदाहरण जुन्या डिझेल थारचं घेऊ, २३५/७० आर १६ मापाच्या टायरची. या टायरचा व्यास ७३५ मिमी भरतो. पोरांना हवा असतो २८५/७५ आर १६, त्याला ते ३३ इंची म्हणतात. व्यास ८३४ मिमी. म्हणजे व्यास साधारण १०० मिमीनं वाढला. पण गाडी वर जाते ती याच्या निम्मीच, जेमतेम ५० मिमी. चार टायरना मोजलेले पैसे आणि हातात आलेले दोन इंच, हा हिशोब आधी करावा. मग बाकीचं बघा. काट्यावर ६० दिसतं तेव्हा गाडी ६८ नं धावत असते. इंजिनचा जोर तोच, पण जमिनीला मिळणारी ओढ साधारण १२ टक्क्यांनी कमी होते, म्हणून चढाला खालचा गिअर टाकावा लागतो. आणि ब्रेकचंही गणित तेच. डिस्क तेवढीच, पॅड तेवढेच, पण चाक मोठं झाल्यानं तेवढ्याच दाबात गाडी कमी आवरते. त्यात टायरचं वजन. आमच्या शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर मी दोन्ही चाकं रिमसकट घालून बघितली, एका चाकामागं अकरा किलो वाढले होते. हे वजन पाट्यांच्या वर नाही, खाली, चाकात फिरतं. ते आवरायचं ब्रेकनं, झेलायचं शॉकअपनं आणि सोसायचं बेरिंगनं. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असेल तर दाराच्या बिजागऱ्या वर्षात खाली येतात.

नवी थार २०२० साली आली. तिला १८ इंची रिमवर २५५/६५ चे टायर कंपनीनंच दिले आहेत, त्यांचा व्यास ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंच. पोटाखाली २२६ मिमी जागा आहे. आमच्या भागातल्या कुठल्याही वाडीच्या रस्त्याला ही गाडी आहे तशी पुरते. ज्याला चिखलात खरंच जायचं आहे त्यानं त्याच मापाचा पण खोल नक्षीचा टायर घ्यावा आणि चिखलात शिरताना हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवावी. टायर पसरतो, जमीन धरतो. बाहेर आल्यावर डांबरीवर चढण्याआधी हवा परत भरावी, नाहीतर टायरच्या कडा तापून फाटतात. पंप सोबत असावा. मी पोरांना सांगतो, लाखभर रुपयांच्या टायरआधी पाच हजारांचा पंप घ्या. आणि निव्वळ चिखलाच्या टायरबद्दल आणखी एक. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे, मधल्या बारीक चिरा कमी. ओल्या डांबरीवर तो साध्या टायरइतका पकडत नाही. आमच्याकडं चार महिने डांबर ओलंच असतं.

उंचीचे उपाय तर असे चालतात की मला रात्री आठवतात. जुन्या थारचा पुढचा टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारी पिळाची सळई, बोल्टनं पिळून गाडी दीड-दोन इंच वर काढतात. एक पाना आणि अर्धा तास, खर्च शून्य. पण त्यात चाकाची खाली जाण्याची जागा खाल्ली जाते. खड्डा आला की आर्म थेट स्टॉपरवर आपटतो, पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं आणि जॉइंट कोरडा फिरायला लागतो. पाट्याच्या गाडीला लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी, घालतात. दोन इंच लांब शॅकलनं गाडी एकच इंच उठते. जिप्सीत तर त्यानं पुढचा आस किंचित फिरतो, कॅस्टर, म्हणजे चाक सरळ धरून ठेवणारा तिरपा कोन, कमी होतो आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग भटकायला लागतं. टायर आत घासतो म्हणून चाकामागं स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालतात, चाक बाहेर येतं आणि सगळा भार बेरिंगच्या आणि स्टडच्या बोकांडी बसतो. आस पाट्याखाली घेतलेल्या गाडीत जोराचा ब्रेक मारला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो. मी तो पिळलेला बघितला आहे, गाडीखाली कॅमेरा लावून. हेडलाइटचं तर कुणी नावच काढत नाही. गाडी वर गेली की झोतही वर जातो. कराड-चिपळूण रस्त्यावर रात्री समोरून अशी गाडी आली तर दुचाकीवाल्याला रस्ता दिसत नाही. भिंतीवर खडूनं आधीची रेघ मारून ठेवायची आणि नंतर दिवे त्या रेघेला आणायचे, एवढं दहा मिनिटांचं काम आहे.

आता कायद्याकडं येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलात मालकाला आपल्या मनानं फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं, त्यात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मी २००९ साली केलं तेही बेकायदाच होतं. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. माझ्या गॅरेजमध्ये गटारीतून काढलेली गाडी उभी होती, मी कुठल्या तोंडानं म्हणू?

पण दंडानं काम थांबलेलं नाही, ते अंधारात गेलं आहे. शटर अर्धं खाली ओढून गाड्या उंच होतात. मिस्त्री पावती देत नाही, मालक मागत नाही, कारण दोघांनाही कागद नको असतो. त्यामुळं कुणी काय कापलं, काय वेल्ड केलं, नळी बदलली की नाही याची कुठंच नोंद राहत नाही. मग ती गाडी विकली जाते. तिसरा मालक बायकामुलं बसवून महाबळेश्वरला निघतो आणि त्याला माहीतही नसतं की पुढचा आस कुणीतरी रात्री साडेअकराला वेल्ड केलेला आहे. मागच्या दिवाळीत असं एक कुटुंब माझ्याकडं आलं होतं, गाडी डावीकडं ओढते म्हणून. मी जॅक लावून बघितलं तर पाट्याच्या बैठकीचं वेल्डिंग अर्ध्यावर तडकलेलं. बाई आत बाळाला दूध पाजत बसल्या होत्या. मी त्यांना खाली उतरायला सांगितलं आणि गाडी त्या रात्री हलू दिली नाही.

सीएनजीचं किट बसवताना आपण काय करतो? किट मान्यताप्राप्त लागतं, बसवणारा अधिकृत लागतो आणि आरसीवर नोंद होते. गॅसची टाकी डिकीत घालून फिरायला सरकार परवानगी देऊ शकतं, कारण ती कुणी बसवली हे माहीत असतं. मग सस्पेन्शनला हीच वाट का नसावी? माझा भाचा ऑस्ट्रेलियात असतो, तोही जीपवेडा. तिथल्या नियमावलीत फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा टायर कंपनीनं दिलेल्या सर्वांत मोठ्या मापापेक्षा ५० मिमीपर्यंत मोठा घालता येतो, आणि मोठ्या फेरफाराला इंजिनियरचा दाखला लागतो. आपल्याकडंही उंचीची आणि टायरची एक मर्यादा ठरवावी, तेवढ्यापुरतं तपासलेलं किट असावं, ब्रेकची चाचणी व्हावी आणि आरसीवर शिक्का पडावा. त्यापुढं जो जाईल त्याला खुशाल दंड करावा. आज हौसेनं दीड इंच उंच केलेल्या आणि वेल्डिंग करून सहा इंच उंच केलेल्या गाडीला आपण एकाच मापानं मोजतो, म्हणून दीड इंचवालाही लपूनच काम करतो. विम्याचंही तेच. न कळवलेल्या फेरफारावर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हे पोरांना अपघातानंतर समजतं.

सरकार करेल तेव्हा करेल. मिस्त्रीबंधूंना मात्र माझी हात जोडून विनंती आहे की पावती द्या. मी जिप्सीच्या प्रकारानंतर कार्बनचं पावतीपुस्तक ठेवलं. पाट्याला नुसती कमान दिली तरी मी लिहितो. काम करण्याआधी चारही चाकांच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं घेतो, काम झाल्यावर परत घेतो, दोन्ही आकडे लिहितो. अंगणात काँक्रीटचा एक ओटा केला आहे, दीड फुटाचा. गाडीचं एक चाक त्यावर चढवतो, म्हणजे पलीकडचं लोंबतं. मग खाली शिरून ब्रेकच्या नळीमागं बोट घालतो. बोट सहज फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर लांब नळी लागते, आणि ती आली नाही तर गाडी जात नाही. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठं घासतो ते बघतो, तोही शेरा लिहितो. शेवटी माझी सही आणि मालकाची सही. गिऱ्हाईक सुरुवातीला चिडतं, पोलिसाच्या हातात पुरावा देता का म्हणतं. मी त्याला सांगतो की हा पुरावा आधी माझ्याविरुद्ध आहे. दोन गिऱ्हाइकं त्यामुळं उठून गेली. जी राहिली ती दहा-दहा वर्षं टिकली.

जाता जाता एक गोष्ट, तिचा टायरशीच संबंध आहे. सडावाघापूरच्या सड्यावर, चाळकेवाडीकडं, पठारावर गाडी घालू नका. तिथं जांभ्यावर बोटभर, फार तर वीतभर माती असते आणि तेवढ्यात सगळी फुलं उगवतात. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, तिथं निदान पहारा तरी आहे. आमच्या सड्यांना कुणी वाली नाही. खोल नक्षीच्या टायरनं एकदा चक्कर मारली की ती माती दगडावरून सुटते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. मी गेल्या सप्टेंबरात बघितलं, मागच्या वर्षीच्या चाकोऱ्या होत्या तशाच, त्यांत गवताची काडी नव्हती. चिखलात गाडी घालायची हौस असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान विचारून घ्या, दोनपाचशे रुपये हातावर ठेवा. तो आनंदानं देतो आणि गाडी रुतली तर ट्रॅक्टरनं ओढूनही काढतो.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे. पुढच्या वेळी अशा कारवाईची बातमी कराल तेव्हा अधिकाऱ्यांना एक प्रश्न विचारा. पकडलेल्या गाड्यांपैकी कितींच्या ब्रेकच्या नळ्या तपासल्या? तपासल्या नसतील तर दंड भरून ती गाडी त्याच नळीवर परत घाट उतरणार आहे. माझ्या पावतीचा कोरा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. जागा असेल तर छापावा, कुणाही गॅरेजवाल्यानं तो जसाच्या तसा उचलला तरी माझी हरकत नाही.

आपला नियमित वाचक,
एक पाटेवाला मिस्त्री
पाटण, जि. सातारा